यूट्यूबचा कॉपीराइट क्लेम, स्ट्राइक आणि काउंटर नोटीस : उत्तर देण्याआधी काय तपासायचं

तंबोरा
'चॅनेलवर कॉपीराइट आला' एवढंच सांगून लोक मदत मागतात. नेमकं काय आलं ते आधी बघा. क्लेम आणि स्ट्राइक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींना एकच उत्तर देणं हीच बहुतेकांची पहिली चूक असते.

क्लेम बहुतेक वेळा यंत्र लावतं. हक्कांच्या मालकांनी दिलेल्या नमुना फायलींशी यूट्यूबचं कंटेंट आयडी हे यंत्र प्रत्येक व्हिडिओ ताडून बघतं आणि जुळलं की ठप्पा मारतं. माणसाने ऐकलेलं असतंच असं नाही. क्लेमनंतर तीनपैकी एक होतं: जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात, काही देशांत किंवा सगळीकडे व्हिडिओ बंद होतो, नाहीतर नुसतं किती जणांनी पाहिलं एवढंच मोजलं जातं. चॅनेलला डाग लागत नाही.

स्ट्राइक म्हणजे कुणीतरी रीतसर 'हा व्हिडिओ काढा' अशी मागणी केली आणि यूट्यूबने तो काढला. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनेल जातं. पहिल्या स्ट्राइकला कॉपीराइट स्कूलचा छोटा धडा पूर्ण केला तर ९० दिवसांनी तो मावळतो. व्हिडिओ डिलीट केल्याने लागलेला स्ट्राइक जात नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

क्लेम चुकीचा वाटला तर पायऱ्या अशा:

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या निर्बंधांवर जाऊन तपशील उघडा. कोणत्या मिनिट-सेकंदापासून कुठपर्यंत जुळलं, ध्वनिमुद्रण जुळलं की चाल, आणि क्लेम कुणाचा, हे तिथे दिसतं. चाल आणि ध्वनिमुद्रण यांतला फरक सोडू नका, पुढचं सगळं उत्तर त्यावर ठरतं.

डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर आक्षेप, टाका. समोरच्याला, म्हणजे क्लेम करणाऱ्याला, ३० दिवस मिळतात, त्यात तो बोलला नाही तर क्लेम आपोआप सुटतो. कमाई सुरू असेल तर क्लेम लागल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट करा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. सहाव्या दिवशी केलात तर ते डिस्प्यूटच्या दिवसापासूनच अडवले जातात, आधीचे गेले.

त्यांनी नाकारलं तर अपील. इथे समोरच्याला ७ दिवस असतात, आणि धोकाही इथूनच सुरू होतो, कारण अपिलाला उत्तर म्हणून तो व्हिडिओ काढण्याची मागणी करू शकतो. म्हणजे स्ट्राइक. कधी कधी ही मागणी ७ दिवस पुढची तारीख टाकून येते. त्या मुदतीत अपील मागे घेतलं तर स्ट्राइक टळतो.

कागद हाती नसताना 'बघू तरी काय होतं' म्हणून अपील करू नका.

कोकणकडा
मी असं ऐकलंय की ३० सेकंदांपर्यंत वापरलेलं चालतं. शिवाय वर्णनात 'नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड' लिहिलं आणि मूळ गायकाचं नाव दिलं तर?

कलम_बावन्न
तिन्हीचा उपयोग शून्य. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सेकंदांचा आकडा कुठेही नाही, अमेरिकेच्या कायद्यातही नाही. ते इंग्रजी वाक्य लिहिणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू वापरतोय हे स्वतःच्या हाताने लिहून देणं. श्रेय देणं हा चांगुलपणा झाला, परवानगी नव्हे.

आपल्याकडे कलम ५२(१)(ए) मध्ये रास्त वापराची कारणं मोजून दिली आहेत: खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. यांपैकी एकात बसलात तरच पुढचा प्रश्न येतो, की जेवढं घेतलं तेवढं त्या कामाला लागत होतं का. अमेरिकेचं फेअर यूज सैल आहे. तिथे कारणांची बंद यादी नाही, चार कसोट्या आहेत. यूट्यूबवरचे इंग्रजी सल्ले त्या चार कसोट्यांवर बेतलेले असतात, ते पुण्यातल्या दाव्याला लावू नका.

अगदी थोड्या वापराबद्दल वाचायचं असेल तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स हा २०१२ चा निकाल बघा. गायिकेने मुलाखतीच्या कार्यक्रमात आपणच गायलेल्या गाण्यांच्या काही ओळी म्हटल्या होत्या. इतक्या क्षुल्लक गोष्टीत कायदा शिरत नाही, असं तत्त्व तिथे लावलं. पण वापर कशासाठी, किती, समोरच्याचं नुकसान किती, हे सगळं तोलून. त्या निकालातून 'अमुक सेकंद माफ' असा नियम काढता येत नाही.

तंबोरा
भजनी मंडळांसाठी वेगळं लिहितो, सर्वांत जास्त खोटे क्लेम त्यांनाच लागतात.

तुकोबांचा अभंग, पारंपरिक चाल, स्वतःचं गायन, तरी क्लेम. कारणं साधारण दोन. एक, एखाद्या कंपनीने तोच अभंग त्याच पारंपरिक चालीत रेकॉर्ड करून कंटेंट आयडीला दिलाय आणि यंत्राने चाल जुळवली. दुसरं कारण जास्त चीड आणणारं आहे. तानपुरा, तबल्याचा ठेका किंवा टाळांचा तयार लूप (परत परत वाजणारा तुकडा) तुम्ही ज्या संग्रहातून घेतला, तोच दुसऱ्या कुणीतरी आपल्या गाण्यात वापरला आणि वितरकाकडे देताना कंटेंट आयडीच्या चौकटीत खूण केली. आता तो ठेका जिथे जिथे वाजेल तिथे त्याच्या गाण्याचं नाव दिसणार. लूप सगळ्यांना वापरायला खुला असेल, तर त्याच्यावर एकट्याचा हक्क सांगायला त्या माणसाला मुळात परवानगीच नसते.

डिस्प्यूटमध्ये भावना नकोत, चार वाक्यं पुरतात: शब्द सतराव्या शतकातल्या संतकवीचे आहेत, चाल पारंपरिक आहे, गायन-वादन आमचं आहे, अमुक तारखेला अमुक ठिकाणी रेकॉर्ड केलं, ठेका अमुक संग्रहातला आहे, त्याचा परवाना सोबत नमूद केलाय. मूळ रेकॉर्डिंगची फाइल, वेगवेगळे ट्रॅक आणि लूपच्या खरेदीची पावती एका फोल्डरमध्ये ठेवा. पावती नाही आणि ठेका फुकटच्या साइटवरून उतरवलाय, तर त्या दिवशी तिथल्या अटी काय होत्या याचा स्क्रीनशॉट तरी हवा.

एक पथ्य: व्हिडिओ थेट सार्वजनिक करू नका. आधी खासगी ठेवून चढवा, तपासणीचा टप्पा पूर्ण होऊ द्या. क्लेम तिथेच दिसतो. मग तेवढा तुकडा कापायचा, आवाज बंद करायचा की गाणं बदलायचं, हे स्टुडिओतच करता येतं.

पोथीवाला
'पारंपरिक' शब्द जपून वापरा, तंबोरा. लोक ज्याला पारंपरिक म्हणतात त्यातल्या कित्येक चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांनी बांधल्या आहेत. शब्द मुक्त म्हणून चाल मुक्त होत नाही.

मुदतींचं गणित. शब्द आणि चाल: कर्त्याचं मृत्यूवर्ष संपल्यापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट: प्रसिद्धीचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं. गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क: ५० वर्षं. मोजणी नेहमी पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९६५ साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका १ जानेवारी २०२६ ला मोकळी झाली. पण मोकळी झाली ती ध्वनिमुद्रिका; तिच्यातलं गीत आणि चाल यांचं घड्याळ वेगळं.

'जगाच्या पाठीवर' घ्या. चित्रपट १९६० चा, म्हणून चित्रपटाचा हक्क २०२० अखेर संपला. गीतं गदिमांची, ते १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत बांधलेले. संगीत सुधीर फडक्यांचं, ते २००२ मध्ये गेले, म्हणजे चाली २०६२ अखेरपर्यंत. कलम १३(४) स्पष्ट सांगतं की चित्रपटाच्या हक्कामुळे आतल्या कृतींच्या स्वतंत्र हक्कांना बाधा येत नाही. 'पिक्चर ६० वर्षं जुना आहे, टाका' असं म्हणणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं. हे हक्क आज कुणाच्या नावावर आहेत, निर्माता, कंपनी की वारस, तो निराळा शोध. त्याला करारच बघावे लागतात.

अवांतर: ही मुदत आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपत होते, म्हणून ऐन वेळी ती ६० केली गेली. भा. रा. तांबेही १९४१ चेच, त्यामुळे त्यांच्या कविताही आयत्याच आणखी दहा वर्षं अडकल्या. २००२ पासून त्या मोकळ्या आहेत. त्यांना नंतर लागलेल्या चालींचं मात्र वर लिहिल्याप्रमाणे.

छायाचित्रांना २०१२ पर्यंत प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती, त्या दुरुस्तीत ते कलमच काढलं. थंबनेलला जुन्या लेखकाचा फोटो लावताना हे बघत जा.

सनीवेल_सदाशिव
यात अमेरिकेचा एक पाचर आहे, तो इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, महाराष्ट्र मंडळांना नेहमी नडतो. १ जानेवारी १९९६ रोजी जी परदेशी कृती आपल्या देशात हक्काखाली होती, तिला अमेरिकेत पुन्हा संरक्षण मिळालं, आणि जुन्या प्रकाशित कृतींना ते प्रसिद्धीपासून ९५ वर्षं. पोथीवाल्यांचं उदाहरण घेतलं तर १९६० चा तो चित्रपट भारतात २०२१ पासून मोकळा, पण अमेरिकेत २०५५ च्या अखेरपर्यंत बांधलेला.

म्हणून 'भारतात सार्वजनिक मालकीचं आहे' हे उत्तर यूट्यूबवर अपुरं पडतं. समोरचा क्लेम देशानुसार लावू शकतो. व्हिडिओ भारतात दिसतो आणि न्यू जर्सीत दिसत नाही, असं झालं तर यंत्र बिघडलेलं नसतं. क्लेम भारतातही लावला असेल, तर डिस्प्यूटमध्ये 'भारतापुरता क्लेम सोडा' एवढंच मागा. सगळं मागितलंत की सगळं नाकारलं जातं.

मंडळांच्या गणेशोत्सवाच्या थेट प्रक्षेपणाबद्दल: मध्यंतरात स्पीकरवर लावलेली गाणीच घात करतात. कंटेंट आयडी थेट प्रक्षेपणही तपासतं. आधी चित्राच्या जागी इशारा येतो, तरी गाणं थांबलं नाही तर प्रक्षेपण तुटतं. मिक्सरवरून प्रक्षेपणाला जाणारी लाइन वेगळी काढा आणि मध्यंतरात ती बंद ठेवा. हॉलमध्ये गाणं वाजू दे.

मांडवी_काठ
कलम ५२(१)(झेड-ए) प्रमाणे धार्मिक विधी आणि लग्नसमारंभात गाणी वाजवायला परवाना लागत नाही ना? मग त्याच लग्नाचा व्हिडिओ टाकला तर क्लेम कसा?

कलम_बावन्न
सूट समारंभाच्या ओघात होणाऱ्या सादरीकरणाला आहे. वरातीत बँडने गाणं वाजवलं, ते तिथे संपलं. तेच गाणं व्हिडिओत बसवून जगाला दाखवणं ही नवी कृती, तिला ही सूट ओढूनताणूनही पुरत नाही.

गोव्यात तर याच कलमावरून मोठा वाद झाला. राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून लग्न आणि संबंधित समारंभांसाठी हॉटेलांकडून रॉयल्टी मागू नये असं सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कायद्यातली सूट कायद्यात आहे तेवढीच राहते, परिपत्रकाने ती फुगवता येत नाही. एखादा कार्यक्रम तिच्यात बसतो का, हे त्या त्या प्रकरणात ठरतं. हॉटेलातली संगीत-रजनी आणि सप्तपदी यांत फरक पडू शकतो.

आता काउंटर नोटिफिकेशन, ज्यावर लोक सर्वांत कमी विचार करतात.

स्ट्राइक लागल्यावर 'काउंटर नोटिफिकेशन' हा पर्याय दिसतो. ते अपिलाचं दुसरं नाव नाही. तो अमेरिकी कायद्याखालचा जबाब आहे. त्यात तुमचं पूर्ण कायदेशीर नाव, राहता पत्ता, फोन द्यावा लागतो. 'चुकीने किंवा चुकीच्या ओळखीमुळे काढलं गेलं असं मी प्रामाणिकपणे मानतो' हे खोटी शपथ घेतल्याच्या शिक्षेच्या जबाबदारीवर लिहून द्यावं लागतं. आणि अमेरिकेबाहेर राहत असाल तर यूट्यूब जिथे आहे तिथल्या, म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं.

मग यूट्यूब ते जसंच्या तसं समोरच्याला पाठवतं. नाव, पत्ता, फोन, सगळं. टोपणनावाने चालणारं चॅनेल तिथे उघडं पडतं. राजकीय विडंबन किंवा एखाद्या संस्थेवर टीका करणाऱ्या चॅनेलांवर कधी कधी स्ट्राइक टाकण्याचा हेतूच तो असतो, गाण्याचं निमित्त असतं.

यावर सरळ उपाय एक: वकिलाकडून पाठवणं. पक्षकारातर्फे अधिकृत प्रतिनिधी किंवा वकील नोटीस देऊ शकतो, संपर्क त्याचा जातो. खोटा पत्ता मात्र कधीही देऊ नका. तो जबाब आहे, खोटं निघालं तर बाजू खरी असूनही तुम्हीच अडकाल.

नोटीस स्वीकारली गेली की समोरच्याला कामकाजाचे १० दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने न्यायालयात गेल्याचा पुरावा दाखवला नाही तर व्हिडिओ परत येतो.

कोकणकडा
मग भारतीय कायद्यात यावर काहीच नाही का? सगळं कॅलिफोर्नियाच?

कलम_बावन्न
आहे, आणि वाईट नाही. कलम ५२(१)(सी) आणि कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५. तक्रारदाराने मध्यस्थाला, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाला, लेखी कळवायचं: कृती कोणती, मालकी कशी, नेमका दुवा कोणता, आणि हा वापर कलम ५२ च्या सुटींमध्ये का बसत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. शिवाय २१ दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी. मध्यस्थाने ३६ तासांत पावलं उचलायची. २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो मजकूर पुन्हा खुला करू शकतो, आणि त्याच तक्रारदाराची त्याच जागेबद्दलची पुढची तक्रार त्याने ऐकलीच पाहिजे असं नाही.

यूट्यूबची रोजची यंत्रणा अमेरिकी चौकटीत चालते, म्हणून तिथे हा नियम दिसत नाही. पण भारतात ठेवलेल्या संकेतस्थळाला, मराठी दिवाळी अंकाच्या साइटला किंवा एखाद्या फोरमच्या चालकाला नोटीस आली तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुमची नोटीस नियम ७५ प्रमाणे आहे का, आणि २१ दिवसांची हमी कुठे आहे? पुष्कळ नोटिसांत ती नसते.

मध्यस्थाची जबाबदारी कुठे सुरू होते यासाठी मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स, दिल्ली उच्च न्यायालय खंडपीठ, डिसेंबर २०१६. साधारण माहिती पुरेशी नाही, नेमक्या कृतीची प्रत्यक्ष जाणीव लागते.

आणि नुसतं धमकावत राहणाऱ्याविरुद्ध कलम ६०. निराधार धमकी थांबवण्यासाठी आपणच दावा लावून मनाईहुकूम आणि नुकसानभरपाई मागू शकतो. अट एवढीच, की समोरच्याने तत्परतेने उल्लंघनाचा दावा लावला तर हे कलम लागू होत नाही. म्हणजे दोन्हीकडून त्याला कोर्टात यायला भाग पडतं, जे धमकीबाजांना नको असतं.

उलट बाजूही सांगतो. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात मे २०२२ मध्ये तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरवलाय. 'यूट्यूबचंच तर आहे' म्हणून दुर्लक्ष करू नका.

खडूफळा
स्पर्धापरीक्षांच्या नोट्सच्या पीडीएफ वाटणारे टेलिग्राम चॅनेलवाले 'आमचं नाव कुणाला कळणार' म्हणून बिनधास्त असतात. त्यांच्यासाठी नीतू सिंग विरुद्ध टेलिग्राम, दिल्ली उच्च न्यायालय, ऑगस्ट २०२२. शिकवणी घेणाऱ्या लेखिकेची पुस्तकं आणि व्याख्यानं चॅनेलांवर फिरत होती. एक बंद केलं की दुसरं उघडायचं. टेलिग्रामचं म्हणणं, आमचा डेटा सिंगापूरला, तिथला गोपनीयता कायदा आड येतो. न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन क्रमांक, आयपी पत्ते, ईमेल मोहोरबंद पाकिटात द्यायला सांगितलं. नंतर टेलिग्रामने माहिती दिलीही.

यात गोपनीयता मोडीत निघाली असं म्हणणाऱ्यांनी मोहोरबंद पाकीट विसरू नये. न्यायालयामार्फत नाव उघड होणं आणि काउंटर नोटिशीतून थेट प्रतिपक्षाच्या हातात पत्ता पडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात न्यायाधीश मध्ये असतो.

सनीवेल_सदाशिव
+१. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं: २०२२ पासून कॉपीराइट क्लेम्स बोर्ड आहे, ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे. काउंटर नोटिशीनंतर व्हिडिओ काढलेलाच ठेवायला तिथला दावाही चालतो, तो स्वस्त पडतो. तुम्हाला तिथली नोटीस बजावली गेली तर ६० दिवसांत 'मला हे मंडळ नको' असं कळवता येतं. न कळवता गप्प बसलात तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो.

पोथीवाला
समोरच्याने काउंटर नोटिशीतला पत्ता व्हॉट्सॲप गटात टाकला तर? डीपीडीपी कायद्यात काही मिळतं का?

कलम_बावन्न
आत्ता लगेच फारसं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण टप्प्याटप्प्याने. डेटा संरक्षण मंडळाबद्दलचे नियम लगेच, संमती व्यवस्थापकांचे वर्षाने, आणि संमती, सूचना, डेटा पुसण्याचा हक्क ही मुख्य कर्तव्यं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास. समोरची कंपनी असेल तर तेव्हापासून 'दाव्यासाठी मिळालेला पत्ता दुसऱ्या कामाला का वापरला' असं धरता येईल. व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरला तर कायदा लागूच नाही, आणि ही पळवाट नक्की वापरली जाणार.

तोवर: स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि गटाचं नाव दिसू द्या. ज्या प्लॅटफॉर्मवर पत्ता टाकला त्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे खासगीपणाच्या भंगाची तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांत ते कारण नावानिशी आहे. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. सोबत धमकी असेल तर तो फौजदारी विषय, पोलिसांकडेच.

मांडवी_काठ
एक शेवटचं. एआयने एखाद्या नामवंत गायिकेच्या आवाजात अभंग करून टाकला तर? शब्द मुक्त, चाल मुक्त, गायलं यंत्राने.

तंबोरा
आवाजाला कॉपीराइट नाही, पण म्हणून रान मोकळं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या दाव्यात आवाजाची अशी नक्कल व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग मानून मनाई केली, २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. व्हिडिओला 'एआय' अशी पाटी लावली तरी हा प्रश्न सुटत नाही, पाटीने परवानगी मिळत नाही. यूट्यूबवर अशी तक्रार गोपनीयतेच्या फॉर्ममधून येते, कॉपीराइटच्या नाही. त्यामुळे वर लिहिलेला डिस्प्यूट-अपिलाचा रस्ता तिथे नसतो, ईमेलमध्ये दिलेल्या मुदतीतच उत्तर द्या किंवा तो भाग काढा.

कोकणकडा
वाचनखूण साठवली. माझा क्लेम चालीवरचा आहे, पाचवा दिवस उद्या संपतोय. ठेक्याची पावती सापडली, पण ती ॲपच्या वर्गणीची आहे, त्यात लूपचं नाव नाही. चालेल?

तंबोरा
क्लेम चालीवर असेल तर ठेक्याची पावती इथे कामाची नाही, ती ध्वनिमुद्रणाच्या क्लेमला लागते. चाल कुठून आली ते दाखवा. जुन्या छापील स्वरलिपीच्या पुस्तकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक असेल तर तो लिहा. डिस्प्यूट आज रात्रीच टाका, उद्याची वाट बघू नका, आणि कारण निवडताना 'सार्वजनिक मालकी' तेव्हाच निवडा जेव्हा ते पान प्रत्यक्ष हातात असेल.